आधी पुळण मोजा, मग बंधारा बांधा : एक खुले पत्र

प्रति,
राज्याच्या किनाऱ्याचे नकाशे, परवानग्या आणि बंधारे ज्यांच्या सहीने ठरतात ते सर्व अधिकारी,
तसेच किनारी मतदारसंघांचे लोकप्रतिनिधी यांस,

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात आमच्या वाडीच्या पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, एक फलक उभा राहिला. ‘धूपप्रतिबंधक बंधारा बांधणे व किनारा सुशोभीकरण करणे, लांबी ४०० मीटर’ एवढाच मजकूर त्यावर आहे. ही लांबी कोणत्या अभ्यासावरून ठरली आणि बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना पुढे काय होईल, याचा उल्लेख फलकावर नाही. मागणी करूनही तो अभ्यास कोणी दाखवला नाही. फलक ज्या जागी पुरला आहे तो वाळूच्या टेकडीचा माथा आहे. आखणीप्रमाणे दिवाळीनंतर तीच टेकडी सपाट करून तिच्यावर फरसबंद वाट, बाकडी आणि दिवे येणार आहेत, आणि समुद्राच्या अंगाला काळा दगड रचला जाणार आहे. ग्रामसभेत हरकत नोंदवली, दोन लेखी अर्ज दिले, पोच घेतली. उत्तर आले नाही. म्हणून जे अर्जात लिहिले होते तेच, थोडे विस्ताराने, सर्वांसमोर लिहीत आहे.

माझा या विषयाशी संबंध दोन प्रकारचा आहे. एक नोकरीचा. ३१ वर्षे मी भूकरमापक होतो. शंकू-साखळीने सुरुवात केली, प्लेन टेबलावर हात बसला, आणि निवृत्तीच्या आधी यंत्रानेही मोजण्या केल्या. हद्द कागदावर कशी उतरते आणि जमिनीवर कशी सरकते, हे माझ्या पोटापाण्याचे ज्ञान आहे. दुसरा संबंध घरचा. आमच्या आगराचा सातबारा आजही १४ गुंठे दाखवतो. त्यातला समुद्राकडचा भाग, वडिलांनी लावलेल्या माडांच्या दोन ओळींसह, आता भरतीच्या पाण्याखाली असतो. मोठ्या ओहोटीला एका माडाचा बुंधा दिसतो, तोही दरवर्षी नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हद्दी कायम करून दिल्या, पण आपली समुद्रात गेलेली जमीन कोणत्या नोंदवहीत लिहून घ्यावी, हे मला आजही सांगता येत नाही. जमीन वाहून गेल्यास साऱ्यात सूट देण्याची तरतूद महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९६६ पासून आहे. पण साऱ्याची सूट म्हणजे चार-दोन रुपये. कोणत्या गावाची किती जमीन कोणत्या वर्षी गेली याची एकत्र नोंद ही वेगळी गोष्ट आहे, आणि आमच्याकडे तरी ती कोणी ठेवलेली नाही.

पुढे जाण्यापूर्वी एक कबुली देतो. सुमारे वीस वर्षांपूर्वी दक्षिण टोकाला पहिला बंधारा झाला, तेव्हा त्याची मागणी करणाऱ्या अर्जावर पहिली सही माझी होती. तो नसता तर माझ्या चुलतभावाचे घर आज उभे नसते. तेव्हा दगडाचा बंधारा सर्वत्र आणि सर्वकाळ चूकच, असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. ज्याच्या पडवीला लाट लागते त्याला वाळूच्या चक्रावर व्याख्याने देऊ नयेत. परंतु त्या बंधाऱ्यानंतर काय घडले हेही मीच पाहिले. लाट उतरत्या वाळूवर चढते तेव्हा तिचा जोर वाळूत जिरतो. तीच लाट दगडावर आपटली की उरलेला जोर माघारी फिरतो आणि जाताना पायथ्याची वाळू ओढून नेतो. चार-पाच पावसाळ्यांत बंधाऱ्यासमोरची पुळण खाली गेली, दगड रुतले, रचना एका बाजूला बसली आणि वरून पुन्हा दगड टाकावे लागले. त्याच सुमारास बंधारा जेथे संपतो तेथून उत्तरेकडचा किनारा आत खचू लागला, आणि जी घरे कधी धोक्यात नव्हती ती धोक्यात आली. नव्या फलकाचे ४०० मीटर नेमके त्या जुन्या टोकापासून सुरू होतात. पुढे खाडीचे मुख आहे. तेथे तिसरा बंधारा कोणत्या साली मागावा लागेल, एवढेच आता ठरायचे आहे. होड्या वर ओढायला आणि मासळी वाळत घालायला दक्षिणेकडच्या बायकामाणसांची जागा पहिल्याच बंधाऱ्याने गेली. ती सर्व मंडळी उत्तरेला सरकली, आणि आता त्यांना उत्तरेकडूनही उठावे लागेल. या नुकसानीचा पंचनामा होत नाही, कारण ती पुळण कोणाच्याच सातबाऱ्यावर नाही.

मला सर्वांत खटकते ती पाहणीची वेळ. कोकणची पुळण वर्षात दोन रूपांत असते. जून ते सप्टेंबर या काळात उंच आणि एकामागोमाग आदळणाऱ्या लाटा वाळू खेचून किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात नेऊन ठेवतात. पावसाळा सरला की संथ, लांब लाटा तीच वाळू हळूहळू परत आणतात, आणि उन्हाळ्यापर्यंत पुळण पुन्हा रुंद होते. रापण (किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे) ओढणाऱ्यांना हे कोणी शिकवावे लागत नाही. आपली व्यवस्था मात्र पंचनामा करते तो ऑगस्टात, उधाणाच्या भरतीनंतर, पुळण सर्वांत खाली गेलेली असताना. त्या छायाचित्रांवरून प्रस्ताव जातो. काम सुरू होते ते जानेवारी-फेब्रुवारीत, पुळण भरत आलेली असताना, म्हणजे दगडाचा पाया अशा वाळूवर बसतो जी जुलैत तेथे नसणार. किती धूप खरी आणि किती मोसमी हे कळायचे असेल तर एकाच ठिकाणचा उतार वर्षातून निदान दोनदा, मे महिन्यात आणि ऑगस्टाच्या अखेरीस, सलग काही वर्षे मोजला पाहिजे. त्याला उपग्रह लागत नाही. सारख्या उंचीच्या दोन काठ्या, मधली दोरी आणि समोरचे क्षितिज एवढ्यावर हे काम होते. आमच्या हायस्कूलच्या मुलांकडून मी ते तीन वर्षे करवून घेतले. त्या वह्या मी अर्जासोबत दाखवायला नेल्या होत्या. त्या उघडल्या गेल्या नाहीत.

देशपातळीवर मोजमाप झालेलेच नाही, असेही नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातल्या उपग्रहचित्रांवरून मुख्य भूमीचा ६,६३१ किलोमीटर किनारा तपासला, तेव्हा सुमारे ३४ टक्के किनारा झिजताना, सुमारे २७ टक्के वाढताना आणि उरलेला स्थिर आढळला. महाराष्ट्रात झिजणाऱ्या किनाऱ्याचा वाटा सुमारे एक चतुर्थांश निघाला. एक चतुर्थांश थोडा नाही. पण याचा अर्थ असाही होतो की बराच मोठा किनारा झिजत नाही, आणि दगड कोठे टाकायचा व कोठे टाकायचा नाही हे ठरवायला आधार उपलब्ध आहे. आमच्या ४०० मीटरांची त्या तपासणीत कोणत्या रकान्यात नोंद आहे, हा साधा प्रश्न मी दोन्ही अर्जांत विचारला होता.

मोजणीचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे विषयांतर करतो, कारण ते शेवटी विषयावरच येते. भारताचा किनारा ७,५१६ किलोमीटर हे आम्ही शाळेत पाठ केले. डिसेंबर २०२४ पासून सरकारी आकडा सुमारे ११,०९८ किलोमीटर झाला आहे, आणि महाराष्ट्राचा ७२० चा घोकलेला आकडा ८७७ च्या पुढे गेला आहे. समुद्र लांबलेला नाही. जुने माप १:४५,००,००० प्रमाणाच्या नकाशावरचे होते, नवे १:२,५०,००० प्रमाणाच्या नकाशावरचे. नकाशा बारीक झाला तशी आधी गिळली गेलेली वळणे आणि खाड्यांची तोंडे मोजणीत आली. भूकरमापकाला यात नवल नाही. नवल याचे वाटते की ज्या व्यवस्थेला नकाशाच्या प्रमाणाचे महत्त्व कळल्याने देशाचा किनारा जवळजवळ निम्म्याने वाढतो, तीच व्यवस्था आमचे भवितव्य १:२५,००० प्रमाणाच्या किनारा व्यवस्थापन आराखड्यावर ठरवताना ते महत्त्व विसरते. या प्रमाणात कागदावरचा १ मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे २५ मीटर. पेन्सिलीच्या टोकाइतक्या जाडीत एक घर, त्याचे खळे आणि विहीर मावते. १:४,००० चे नकाशे आहेत, पण जनसुनावणीत भिंतीवर लावलेला नकाशा त्या प्रमाणाचा नव्हता, आणि गावच्या गटनकाशाशी तो जुळवून दाखवायला कोणी तयार नव्हते.

आता नियमांविषयी. १९८१ मध्ये तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरचा पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवण्यास सांगितले. त्याच विचारातून १९ फेब्रुवारी १९९१ ची सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना आली. मग २०११ ची आली, मग १८ जानेवारी २०१९ ची. प्रत्येक वेळी काही चांगले आले हे मान्य केले पाहिजे. स्थानिकांच्या घरांविषयी जुना नियम अकारण जाचक होता. परंतु दर चौरस किलोमीटरला २,१६१ हून अधिक लोकवस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा २०० मीटरवरून ५० मीटरवर आला, आणि खाडीकाठचे नियमनक्षेत्र १०० मीटरवरून ५० मीटरवर. आमचे गाव विरळ वस्तीचे असल्याने समुद्राकडे २०० मीटर कायम आहेत. खाडीकाठच्या आमच्याच खालच्या वाडीला मात्र निम्मे क्षेत्र उरले. ५० मीटर म्हणजे १:२५,००० च्या कागदावर २ मिलिमीटर, हे पुन्हा सांगायला नको.

याहून गंभीर बाब धोकारेषेची आहे. भरती, लाटा, समुद्रपातळीतील वाढ आणि किनाऱ्याचे सरकणे यांचा एकत्र विचार करून भारतीय सर्वेक्षण विभागाने ही रेषा आखली. किनाऱ्याच्या विज्ञानाने नियोजनाच्या हाती दिलेले यापेक्षा उपयोगी साधन मला माहीत नाही. २०१९ च्या अधिसूचनेने ती आपत्ती व्यवस्थापनाचे साधन म्हणून ठेवली आणि नियमनाच्या चौकटीतून बाहेर काढली. म्हणजे समुद्र कोठवर येऊ शकतो हे शासनाला ठाऊक आहे, परंतु त्या रेषेच्या आत परवानगी देताना ते लक्षात घेणे बंधनकारक नाही. जगाची समुद्रपातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर चढली, आणि २००६ नंतर चढण्याचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरच्या आसपास गेला. ऐकायला हे काहीच नाही. पण ५० मीटरला १ मीटर उतरणाऱ्या पुळणीवर ३.७ मिलिमीटर उभी वाढ म्हणजे आडवी सुमारे साडेअठरा सेंटिमीटर, आणि हे वाळू जागच्या जागी राहील असे धरून. मी हे गणित आमच्या सरपंचांना करून दाखवले, तेव्हा त्यांनी विचारले, “मग अण्णा, बंधारा आणखी उंच करून मागू?” त्यांना दोष देत नाही. त्यांच्यापुढे बंधाऱ्याखेरीज दुसरी कोणतीही योजना कोणी ठेवलेलीच नाही.

वाळूच्या टेकडीकडे येतो. तिच्यावर मर्यादवेल पसरलेली आहे, मागे केवडा आहे. समुद्राची मर्यादा जिथे संपते तिथे ही वेल वाढते, असे आमची आजी सांगायची. वाळू धरून ठेवणे हे तिचे काम. मोठ्या वादळात टेकडी पुढून कापली जाते, ती वाळू पुळणीला मिळते, आणि शांत हंगामात वारा व वेल मिळून ती पुन्हा उभी करतात. गावाच्या बाजूने पाहिले तर ती दुष्काळासाठी ठेवलेली कणगी आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा आमच्याकडे पोफळी आडव्या झाल्या, कौले उडाली, पण टेकडीमागच्या घरांत समुद्राचे पाणी शिरले नाही. वाळूच्या टेकड्या आणि कासवांच्या विणीच्या जागा सीआरझेडच्या सर्वाधिक संरक्षित वर्गात मोडतात, आणि आमच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तरीही आमच्या गावच्या नकाशावर टेकडी दाखवलेली नाही. जी कागदावर नाही ती कापायला परवानगी लागत नाही. या चुकीवर हरकतीच्या मुदतीत लेखी बोट ठेवले होते, तरी अंतिम नकाशात ती तशीच राहिली.

वाळूचा दुसरा हिशेबही कोणी धरत नाही. आमच्या उपसागराची वाळू दोन भूशिरांच्या मध्ये फिरते, आणि तिच्यात नवी भर पडते ती मुख्यतः खाडीतून. खाडीत हातपाटीने वाळू काढणारे बुडी मारून घमेली भरत, त्याला त्यांच्या श्वासाची मर्यादा होती. सक्शन पंपाला ती नाही. माझ्या घराचा स्लॅब खाडीच्याच वाळूचा आहे, तेव्हा हे बोलताना मी स्वतःला वगळत नाही. परंतु एका कार्यालयाने खाडीतल्या वाळूचा लिलाव करायचा आणि दुसऱ्याने त्याच खाडीच्या मुखाशी वाळू उरली नाही म्हणून दगड टाकायचा, हा उद्योग दोघांनी एकमेकांची फाईल वाचली असती तर निदान थोडा लाजत तरी चालला असता. पुदुच्चेरीत बंदराच्या लाटरोधक भिंतींनी वाळूची वाट अडवली आणि शहरासमोरची पुळण गेली. वर्षानुवर्षे दगड टाकल्यावर अखेर पाण्याखालचा बांध आणि वाळूची भर यांच्या साहाय्याने ती काही प्रमाणात परत आणावी लागली. ज्यांनी हे केले ते आपल्याच देशातले अभियंते आहेत, आणि कोकणातल्या एखाद्या उपसागरासाठी त्यांचा सल्ला घेणे अशक्य नाही.

यावरून आमच्या मागण्या अशा आहेत.

४०० मीटरच्या कामाला, संपूर्ण उपसागराचा अभ्यास हाती येईपर्यंत, स्थगिती द्यावी. अभ्यासाचे एकक वाडी नको, मतदारसंघही नको. वाळू जेथून जेथपर्यंत फिरते तेवढा, म्हणजे भूशिरापासून भूशिरापर्यंतचा पट्टा असावा, आणि त्यात खाडीतल्या उपशाचा हिशेब धरलेला असावा. जी चार घरे आजच लाटेच्या टप्प्यात आहेत त्यांच्यापुरता तात्पुरता उपाय तोवर जरूर करावा. स्थगितीच्या नावाखाली त्यांना वाऱ्यावर सोडू नये. सुशोभीकरण मात्र बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकातून कायमचे वगळावे. दिव्यांनी धूप थांबत नाही, आणि कासवांची पिल्ले समुद्राऐवजी उजेडाकडे चालू लागतात.

वाळूच्या टेकडीची प्रत्यक्ष मोजणी करून ती नकाशावर घ्यावी, आणि प्रत्येक किनारी ग्रामपंचायतीत १:४,००० चा नकाशा गटनकाशावर जुळवून, मराठीत, कायम लावून ठेवावा. त्यावर धोकारेषाही हवी. केंद्राने ती बंधनकारक केली नाही म्हणून राज्याने स्वतःच्या शाळा, दवाखाने, पाणीयोजना आणि रस्ते त्या रेषेच्या आत बांधलेच पाहिजेत असे नाही. निदान सरकारी खर्चाच्या कामांना तरी ती लागू करणे पूर्णपणे आपल्या हातात आहे.

जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जी किनारा समिती असायला हवी तिच्यात मच्छीमारांसह स्थानिक पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत, असे अधिसूचनेतच आहे. आमच्या जिल्ह्यात हे तीन कोण, त्यांची निवड कोणी केली आणि ते शेवटचे कधी बसले, एवढे जाहीर करावे.

समुद्रात गेलेल्या जमिनीची गावनिहाय नोंदवही सुरू करावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याच्या उपायांना १,५०० कोटी आणि धुपीमुळे विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाला १,००० कोटी रुपयांची शिफारस केली. कोणाची किती जमीन गेली हे लिहिलेलेच नसेल तर त्यातला रुपया कोणाच्या नावाने मागणार? केरळने समुद्रापासून ५० मीटरच्या आत राहणाऱ्या मच्छीमार कुटुंबांना, त्यांची इच्छा असल्यास, मागे सरकण्यासाठी १० लाख रुपये देणारी ‘पुनर्गेहम’ योजना काढली. तिच्यात उणिवा असतील. आपल्याकडे टीका करायलासुद्धा अशी योजना नाही. मागे सरकायला तयार असलेली आमच्या वाडीत काही कुटुंबे आहेत. अट एकच, की नवी जागा होडी दिसेल इतक्या अंतरावर हवी, आणि त्यांच्या सोडलेल्या जागेवर उद्या रिसॉर्ट उभे राहू नये.

मोजणीसाठी निधी नाही असे उत्तर येईल म्हणून आधीच सांगतो : त्यासाठी फारसा निधी लागणार नाही. पुळणीवर पाच ठिकाणी कायमच्या खुणा मी माझ्या खर्चाने रोवून देतो; हायस्कूलच्या मुख्याध्यापकांशी बोलणे झाले आहे. तुमच्याकडून एक अधिकृत व्यक्ती हवी, जी भाद्रपदातल्या अमावास्येच्या उधाणानंतर येऊन आमच्या मोजणीवर सही करील, म्हणजे ती कोणाला बाजूला सारता येणार नाही. आखणीप्रमाणे यंत्रसामग्री दिवाळीनंतर यायची आहे. उत्तर त्याआधी, लेखी, आणि ग्रामपंचायतीच्या पत्त्यावर मिळावे.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक आणि १४ गुंठ्यांचा कागदोपत्री खातेदार,
रत्नागिरी जिल्हा